पणजोबांची पलटण शोधायची तर आधी बिल्ल्याची कड वाचा

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाव दर्यापूर तालुक्यातलं. पणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेले आणि जिवंत परत आले. घरात परीचं चित्र असलेला पितळी रंगाचा एक बिल्ला आणि फेट्यातला एक उडालेला फोटो, एवढंच उरलं आहे. मोठे काका ‘कामठीची पलटण’ म्हणतात. तुम्ही एका सैनिकी कार्यालयाला नाव-गाव कळवून पत्र लिहिलं, तर ‘नोंद आढळत नाही’ असं उत्तर आलं. आता एक एजंट लंडनहून कागद आणून देतो म्हणून पंधरा हजार मागतो आहे. ते द्यावे का, आणि नाही तर पुढे काय करावं?

पैसे देऊ नका. मी सैन्यात क्लार्क होतो, त्यातली बरीच वर्षं सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसात गेली. निवृत्त झाल्यापासून वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या घरांसाठी हेच शोधाचं काम करतो आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो. साध्या हिंदी शिपायांचे सेवेचे कागद लंडनला कधी गेलेच नाहीत. ते पलटणीच्या डेपोत राहिले, आणि शंभर वर्षांत पलटणी मोडल्या, जोडल्या, गाव बदलून गेल्या, तसे बहुतेक कागदही गेले. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची जी दप्तरं आहेत, त्यांत माणसागणिक फायली आहेत त्या मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांच्या, आणि थोड्या हिंदी अधिकाऱ्यांच्या. एजंट तुम्हाला तिथून फार तर पलटणीची माहिती आणून देईल, पणजोबांची नाही. कोणी तुम्हाला लाहोरच्या संग्रहालयातल्या रजिस्टरांबद्दलही सांगेल. ती खरी आहेत, २०२१मध्ये सुमारे ३ लाख २० हजार शिपायांच्या नोंदी त्यांतून लोकांसमोर आल्या. पण ती पंजाबची आहेत, आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडची नाहीत.

पहिल्या लढाईतून जिवंत परत आलेल्या साध्या शिपायाची अथपासून इतिपर्यंतची सेवा-नोंद मला आजवर एकदाही मिळालेली नाही. मिळालं ते तुकड्यातुकड्यांनी, आणि त्यातले बहुतेक तुकडे त्या माणसाच्या गावापासून वीस-पंचवीस कोसांच्या आतच सापडले. म्हणून शोध घरातून सुरू करायचा.

तुमच्या घरातल्या बिल्ल्यापासूनच सुरू करू. पंखवाली बाई, मागच्या बाजूला इंग्रजी मजकूर आणि १९१४-१९१९ ही सालं असतील, तर ते ‘व्हिक्टरी मेडल’ आहे. ते ब्राँझचं असतं आणि त्याची फीत इंद्रधनुष्याच्या रंगांची. हे पदक प्रत्यक्ष लढाईच्या मुलखात गेलेल्यालाच मिळायचं, देशातल्या छावणीत राहिलेल्याला नाही. म्हणजे ‘बसऱ्याला गेले होते’ ही घरातली गोष्ट हवेतली नाही, एवढं त्या बिल्ल्यानंच सांगितलं. याच्या जोडीला आणखी एक पदक मिळायचं, एका बाजूला बादशहाचा मुखडा आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार असलेलं. ते शिपायांना चांदीचं मिळे. खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी, मजूर अशा फॉलोअर लोकांना तेच ब्राँझचं मिळे. तुमच्याकडे जोडीतलं एकच आहे याचं मला नवल वाटत नाही. मी ज्या घरांत गेलो त्यांतल्या बहुतेक घरांतून चांदीचं पदक कुठल्या तरी नापिकीच्या साली किंवा पोरीच्या लग्नात सोनाराकडे गेलं. कुठे त्याचं जोडवं झालं, कुठे डोरल्यात ओवलं गेलं. घरातल्या म्हाताऱ्या बायांना एकदा विचारा, चांदीचा गोल तुकडा कोणाच्या गळ्यात असायचा का. दोन घरी मला तो असाच गळ्यातल्या माळेत सापडला आहे.

आता बिल्ल्याची कड बघा. पुढची बाजू नाही, मागची नाही, जाडीची कड. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत एका ओळीत चार गोष्टी कोरलेल्या असतात: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. ती ओळ हाच तुमच्या पणजोबांचा सर्वांत भरवशाचा कागद. चिंच, राख, भांड्यांची पावडर, लिंबू यांतलं काहीही लावून बिल्ला घासू नका. दिवाळीत भांड्यांबरोबर बिल्ला घासणाऱ्या घरांत ही कड गुळगुळीत झालेली मी पाहिली आहे, आणि एकदा ती गेली की गेलीच. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ पुसा, खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरा आणि बिल्ला थोडा थोडा फिरवत दहा-बारा फोटो काढा. अक्षरं फारच झिजली असतील तर पातळ कागद कडेवर गुंडाळून वरून पेन्सिलीचं शिसं हलकं फिरवा. तेवढ्यानं बरंच उमटतं.

नाव मी चारांत तिसरं सांगितलं, ते मुद्दाम. तुम्ही पत्रात नाव आणि गाव लिहिलं, पण सैन्याच्या दप्तरात माणूस नावानं सापडत नाही. तो नंबर आणि पलटण यांनी सापडतो. त्या काळी आपल्याकडच्या कागदांत माणूस ‘गणपत वल्द तुकाराम, मौजा अमुक’ असा लिहिला जाई. आडनाव असे किंवा नसे, आणि असलं तरी भरतीच्या कारकुनाला ते ऐकू येईल तसं उतरे. जुन्या इंग्रजीत ‘अ’साठी यू अक्षर वापरायची पद्धत होती, त्यामुळे गणपत हा जीयूएन असाही सुरू होतो आणि जीएएन असाही. तुकारामचे दोन शब्द होतात. विठोबा कधी व्हीनं लिहिला जातो, कधी डब्ल्यूनं. आज तुम्ही जे आडनाव लावता ते पणजोबांनी लावलं होतं हे धरूनच चालू नका. माझ्या ओळखीतल्या एका घरात दोन भाऊ दोन वेगळ्या आडनावांनी भरती झाले होते, एक घराण्याच्या नावानं आणि एक गावाच्या नावानं.

गावांच्या नावांचंही तसंच. अचलपूर जुन्या इंग्रजी कागदांत एलिचपूर म्हणून येतं, अमरावती उमरावती म्हणून, वाशीम बासिम म्हणून आणि कामठी कांपटी म्हणून. यवतमाळ जिल्हा १९०५पर्यंत वणीच्या नावानं ओळखला जाई. त्याच साली एलिचपूर आणि बासिम हे जिल्हे मोडून मुख्यतः अमरावती आणि अकोल्यात घातले गेले. चंद्रपूरचं नाव १९६४पर्यंत चांदा होतं. गडचिरोली त्यातून १९८२मध्ये वेगळा झाला, गोंदिया भंडाऱ्यातून १९९९मध्ये. हे ध्यानात ठेवलं नाही तर शोधाच्या खिडकीत ‘वाशीम’ घालून रिकाम्या हातानं परत याल. राज्यही बदलत गेलं: आधी मध्यप्रांत-वऱ्हाड, मग १९५६पर्यंत मध्यप्रदेश, मग १९६०पर्यंत द्वैभाषिक मुंबई, त्यानंतर महाराष्ट्र. म्हणून तुमच्या काकांच्या जुन्या कागदावर मध्यप्रदेशचा शिक्का असला तर दचकू नका.

काकांची ‘कामठीची पलटण’ ही गोष्ट खरी असेल, पण तिचा अर्थ वेगळा आहे. कामठीची छावणी १८२१पासूनची. तिथे पलटणी येत, काही वर्षं राहत आणि बदलून जात. म्हणजे कामठी हा पत्ता आहे, पलटणीचं नाव नाही. पणजोबा तिथे भरती झाले असतील, तिथे कवायत शिकले असतील किंवा तिथून निघाले असतील. आज कामठीत गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, पण गार्ड्सची उभारणी १९४९ची. १९१६च्या शिपायाबद्दल तिथे विचारण्यात अर्थ नाही.

मग कोणती पलटण? कड वाचता आली तर प्रश्नच मिटला. नाहीच वाचता आली तर दोन-तीन शक्यता धरून चाला. पहिली शक्यता मराठा पलटणींची: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे त्यांचे नंबर. १९२२मध्ये या सगळ्या एका रेजिमेंटमध्ये आल्या. आजची ती मराठा लाईट इन्फन्ट्री, केंद्र बेळगावला. घरातल्या कोणी ‘जंगी पलटण’ म्हटल्याचं आठवत असेल तर ती १०३वी, आणि ‘काली पांचवी’ म्हटलं असेल तर १०५वी. अशी टोपणनावं कागदावरच्या नावांपेक्षा जास्त टिकतात, म्हणून घरात नेमका कोणता शब्द वापरला जायचा तो जसाच्या तसा लिहून घ्या, दुरुस्त करू नका.

दुसरी शक्यता वऱ्हाडातले लोक फार वेळा विसरतात, आणि ती तुमच्या गावापासून अगदी जवळची आहे. १८५३च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला तो हैदराबाद कॉन्टिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी. तिची एक छावणी एलिचपूरला होती, आजचं परतवाडा त्याच छावणीच्या आसऱ्यानं वाढलं. १९०३मध्ये ही फौज हिंदी सैन्यात मिसळली आणि तिच्या पायदळ पलटणींना ९४ ते ९९ नंबर मिळाले. त्यांतली ९६वी तर नावानंच ‘बेरार इन्फन्ट्री’. १९२२मध्ये या पलटणींतून १९वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५मध्ये तिचंच नाव कुमाऊँ रेजिमेंट पडलं, केंद्र रानीखेतला. दर्यापूरच्या शिपायाचा धागा हिमालयात निघतो, तो असा. वऱ्हाडातला माणूस म्हणजे मराठा पलटणच, असं गृहीत धरून बेळगावला पत्र लिहिणारी कितीतरी घरं मी पाहिली आहेत.

बौद्ध बांधवांच्या घरांतूनही मला बरेच प्रश्न येतात, म्हणून इथेच सांगून टाकतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात मुंबईच्या पलटणींत महार शिपाई मोठ्या संख्येनं होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ त्याच परंपरेतले. १८९०च्या दशकात ही भरती बंद केली गेली. ती १९१७मध्ये १११वी महार पलटण उभारून पुन्हा उघडली आणि १९२१मध्ये ती पलटणही मोडली. मग १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार रेजिमेंट सुरू झाली. तिची दुसरी बटालियन कामठीची, आणि १९४६मध्ये रेजिमेंटचं केंद्रही कामठीला आलं. आज ते मध्यप्रदेशात सागरला आहे. या सालांचा शोधात थेट उपयोग होतो. ‘आजा कामठीच्या महार पलटणीत होता’ असं कोणी सांगितलं की मी आधी आज्याच्या जन्माचं साल विचारतो. १९२०च्या आसपासचा जन्म असेल तर ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाची आहे, आणि तेव्हा कागद मिळण्याची आशा कितीतरी जास्त असते. आजा १९०५ साली पायदळात शिपाई होता असं सांगितलं गेलं, तर तारखा पुन्हा तपासायच्या, किंवा तो पलटणीबरोबर दुसऱ्या कामावर होता का ते बघायचं. भरती बंद असतानाही सैन्याच्या मागे राबणारे हात आपल्याच गावांतले होते, आणि त्या माणसांची सेवा कमी नव्हती.

‘बसरा’ या शब्दाकडेही नीट बघा. मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, जाणारं प्रत्येक जहाज बसऱ्यालाच लागायचं, म्हणून गावाकडे त्या सगळ्या मुलखाला बसराच म्हणत. माणूस पुढे अमाऱ्याला, कूतला, बगदादला गेलेला असायचा. घरात ‘कैद’, ‘उपास’, ‘घोड्याचं मांस’ अशा आठवणी असतील तर तुर्कांनी कूतला घातलेल्या वेढ्याचा विचार करा. तिथली फौज २९ एप्रिल १९१६ला शरण गेली आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. बगदादमध्ये शिरल्याची गोष्ट सांगत असतील तर ती मार्च १९१७ची. म्हाताऱ्या माणसाला ‘कोणती पलटण होती’ असं विचारलं की तो घाबरून ‘माहीत नाही’ म्हणतो. त्याऐवजी विचारा: परत आले तेव्हा पेटीत काय होतं? कोणत्या स्टेशनावर उतरून चालत आले? रागावले की कोणत्या भाषेत बोलायचे? कोणत्या गावचा सोबती त्यांना भेटायला यायचा? या शेवटच्या प्रश्नाचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला आहे. सोबती बहुधा त्याच पलटणीतला असतो, आणि त्याच्या घरचा बिल्ला वाचता येण्याजोगा असू शकतो.

जे परत आले नाहीत त्यांचा शोध, बोलताना जीव कातरतो, पण सोपा आहे. पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्यातले सुमारे ७४ हजार जण मरण पावले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची यादी फुकट शोधता येते. त्यात नंबर, पलटण, मृत्यूची तारीख, स्मारक आणि बरेचदा बापाचं नाव, गाव, जिल्हासुद्धा मिळतो. तिथे नावापेक्षा गाव-जिल्हा आणि पलटण घालून शोधा, आणि वर सांगितलेली सगळी जुनी स्पेलिंगं आळीपाळीनं वापरा. दुसऱ्या महायुद्धातल्या माणसासाठी रंगून, सिंगापूर, इम्फाळ, दिल्ली-कराची ही स्मारकं बघा.  एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, म्हणजे मन खट्टू होणार नाही. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, पण हिंदी शिपायांचे पलटणवार फक्त आकडे लिहिले. त्या आयोगानंच २०२१मध्ये अहवाल काढून ही असमानता मान्य केली. शिपायांची नावं नंतरच्या यादीत आली आहेत, पण सगळी नाहीत. यादीत नाव नाही म्हणजे माणूस लढाईवर गेलाच नव्हता, असा अर्थ कोणी काढू नये. मी तरी तो कोणाला काढू देत नाही.

परत आलेल्यांचा माग गावातच असतो, म्हणून आता तुमच्या तहसिलीकडे वळू. आपल्या भागात अर्धं काम अनेकदा आधीच झालेलं असतं, आणि घरच्यांना ते माहीत नसतं. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी तुमच्या कोणा चुलतभावानं १९५०च्या किंवा १९६७च्या आधीचे पुरावे काढले असतीलच: कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, वंशावळ. ती फाईल मागून घ्या. कोतवाल बुकात पणजोबांच्या मुलांच्या जन्माच्या तारखा ओळीनं मांडा. मध्येच चार-पाच वर्षांचा खंड दिसला, १९१५ ते १९१९ असा, तर माणूस घरी नव्हता. शाळेच्या रजिस्टरात बापाचा धंदा लिहायचा रकाना असतो. त्यात ‘कास्तकारी’च्या जागी ‘पलटणीत नोकरी’ असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. एका नातवानं तेवढ्याच दोन शब्दांचा फोटो फ्रेम करून लावला.

मग जमीन. पटवाऱ्याकडच्या जुन्या फेरफारात, आणि नागपूर, भंडारा, चांद्याकडे असाल तर मालगुजारीच्या जुन्या बंदोबस्ताच्या कागदांतही, शिपायाला किंवा माजी सैनिक म्हणून दिलेल्या जमिनीचा उल्लेख येतो. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल आणि घरात ‘ते मिलिट्रीचं वावर’ असं म्हणत असतील, तर ती जमीन कोणत्या प्रकरणात मिळाली त्याचा नंबर फेरफारातून काढा आणि तहसिलीच्या किंवा कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्या प्रकरणाची नक्कल मागा. माझ्या स्वतःच्या आज्याचं असंच झालं. तो दुसऱ्या लढाईत ब्रह्मदेशच्या आघाडीवर होता. घरची पेटी उधईनं खाल्ली, एक चिठोरा उरला नाही. मी स्वतः रेकॉर्ड ऑफिसात नोकरी करत असून बारा वर्षं मला त्याचा नंबर मिळत नव्हता. शेवटी त्याच्या डिस्चार्जची टाइप केलेली नक्कल वावराच्या प्रकरणात, पाचव्या की सहाव्या पानाला, टाचणीनं लावलेली निघाली. नंबर, पलटण, भरतीची तारीख, छातीचं माप, गालावरचा व्रण, सगळं त्यात होतं. त्याच्या गालावर व्रण होता हे माझ्या बापालाही आठवत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या किंवा त्यानंतरच्या माणसासाठी पहिला उंबरठा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा. पेन्शन नसलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मासिक मदत देत आलं आहे. आजीनं कधी तो अर्ज भरला असेल तर त्याला डिस्चार्जची प्रत जोडलेलीच असणार. जाताना आजीचं नाव आणि गाव घेऊन जा. तिथली जुनी कार्डं बहुधा विधवेच्या नावानं निघतात.

रेकॉर्ड ऑफिसाला लिहायचं ते यानंतर, नंबर हाती आल्यावर. पायदळाचे पत्ते वर आलेच. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करी इंजिनियरांचं) खडकीला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं (यंत्रदुरुस्तीवाल्यांचं) सिकंदराबादला, मेडिकलचं लखनौला. आता नीट ऐका, कारण इथेच बहुतेक घरं हार मानतात. पेन्शन न घेता सुटलेल्या सैनिकाचा शीट रोल, म्हणजे त्याची पूर्ण फाईल, नियमानं २५ वर्षं ठेवतात आणि मग नष्ट करतात. म्हणून उत्तर येतं: ‘कागदपत्रे नष्ट करण्यात आली आहेत.’ उत्तर खरं असतं, पण अपुरं असतं. फाईल नष्ट करताना माणसाच्या ठळक नोंदी लाँग रोल नावाच्या मोठ्या रजिस्टरात राहतात: नंबर, नाव, बापाचं नाव, भरती, सुटका, सुटण्याचं कारण. तुम्ही लाँग रोल मागितला नाही तर बरेचदा तो कोणी उघडून बघत नाही. नोकरीच्या सुरुवातीला अशी ‘नष्ट’ची उत्तरं मीही टाइप केली आहेत. विचारलं होतं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, हे मला तेव्हा पुरेसं वाटायचं. त्या पत्रांमागे घरं होती हे उशिरा कळलं, आणि आता हे काम मी करतो त्यात ते एक मोठं कारण आहे. तर अर्जात स्वच्छ लिहा: ‘शीट रोल नष्ट झाला असल्यास लाँग रोलमधील नोंदीचा उतारा मिळावा.’ सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, तुमचं ओळखपत्र आणि बिल्ल्याच्या कडेचा फोटो जोडा. आधी वारस म्हणून साधा अर्ज करा. दोन महिने उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून तोच मजकूर पाठवा, आणि घटना २० वर्षांपूर्वीची असल्यानं कलम ८(३) लागू होतं हे नमूद करा. माणूस पेन्शनवर गेला असेल तर पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, शोधा. बँकेचं किंवा पोस्टाचं जुनं पासबुक, ट्रेझरीची चिठ्ठी, कुठेही तो असू शकतो. त्या नंबरावर प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयात विचारता येतं.

पणजोबा जमादार किंवा सुभेदार असतील तर वाट आणखी सोपी. त्या हुद्द्याच्या हिंदी अधिकाऱ्यांची नावं ‘इंडियन आर्मी लिस्ट’मध्ये पलटणवार छापली जात, आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं त्यांतले कितीतरी खंड फुकट वाचायला ठेवले आहेत. मात्र गावाकडचा ‘जमादार’ पोलिसांतलाही असतो आणि जंगलखात्यातलाही. ‘मिलिट्रीत होते’ याचंही तसंच. वर्धा जिल्ह्यात मला दर दहा घरांमागे दोन-तीन अशी भेटतात, की आजा पुलगावच्या दारूगोळा डेपोत नोकरीला होता आणि घर त्याला मिलिट्री म्हणतं. ती नोकरी सिव्हिलियन असू शकते, आणि मग कोणत्याही रेजिमेंटच्या दप्तरात तो माणूस सापडणार नाही. त्याची सेवापुस्तिका डेपोकडे.

आज्याबद्दल ‘सिंगापूरला पकडले गेले, मग सुभाषबाबूंकडे गेले’ असं कोणी सांगत असेल तर तो शोध वेगळा. आझाद हिंद फौजेचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि कलेक्टर कचेरीत स्वातंत्र्यसैनिक पेन्शनच्या जुन्या फायली. नागपूरकर भोसल्यांच्या काळातला पूर्वज असेल तर कागद मोडी लिपीत असणार. आधी मोडी वाचणारा माणूस गाठा, मग नागपूरचं विदर्भ अभिलेखागार.

तुमच्याकडे परत येतो. फोटो मोबाईलवर पाठवण्याआधी चौकटीतून बाहेर काढा. मागच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का असतो. कामठी, पुणे, मुंबई किंवा बेळगाव यांपैकी काय आहे त्यावरून डेपोचा अंदाज येतो. खांद्यावर धातूची अक्षरं असतील, तर आजची उडालेली वाटणारी अक्षरंसुद्धा फोटो नीट स्कॅन केला की कळतात. ६०० डीपीआयला स्कॅन करा, आणि मूळ फोटोवर पाण्याचा थेंबही पडू देऊ नका. पलटण एकदा पक्की झाली की तिची रोजनिशी, म्हणजे वॉर डायरी, लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे. लंडनची गरज पडली तर ती तेवढ्यासाठीच. त्यात शिपायांची नावं सहसा नसतात. ‘पाऊस, चिखल, ३ जखमी, रात्री ८ मैल कूच’ अशा धर्तीच्या नोंदी असतात. पण ते आठ मैल तुमचे पणजोबा चालले होते.

या रविवारी बिल्ल्याची कड वाचा. नंबराचे आकडे जसे दिसतील तसे उतरवा, एखादा आकडा कळत नसेल तर तिथे फुली मारा, अंदाजानं भरू नका. त्यासोबत कोतवाल बुकातल्या मुलांच्या जन्मतारखा आणि त्या सोबत्याचं गाव कळवा. कडेवर ९६ आहे की ११०, ते कळलं की अर्जाचा मजकूर मी तुम्हाला लिहून देतो.